कोमट जाकीट

“हात लाव! अगं, लाव तर खरं!”

सबोहतने जाकीट मोहिराच्या नाकापुढे धरलं. मोहिराने एका कप्प्यात हात घातला, दुसऱ्या कप्प्यात घातला आणि तिचे डोळे मोठे झाले.

“हे तर कोमट आहे! बर्फासारखं गार हवं ना?”

“कोमट? यात अंडं ठेवलं तर पिल्लू बाहेर येईल!” बेहरूझ म्हणाला. हा मोहिराचा मावसभाऊ. सुट्टीत राहायला आला होता आणि आल्यापासून त्याचं तोंड दोनच कामांसाठी उघडत होतं. जर्दाळू आत टाकायला आणि विनोद बाहेर टाकायला.

“काय कुजबुज चाललीय तिकडे?” मैदानाच्या पलीकडून तोलिब उस्ताद, गावातल्या पोरांना पळायला शिकवणारे, ओरडले. फोन कानाला होताच. उस्तादांच्या कानाचं आणि फोनचं जणू लग्नच लागलं होतं. “चढवा ते पोराच्या अंगावर!”

“पण उस्ताद, हे जाकीट...”

“हे जाकीट राजधानीतून, दुशान्बेहून आलंय! तुझ्या आजोबांच्या गाढवाचं खोगीर नाही. चढव म्हणतो ना!”

मोहिराने मुकाट्याने ते जाकीट आपल्या भावाच्या अंगात अडकवलं. इस्फंद पंधरा वर्षांचा, बांबूसारखा उंच आणि बांबूइतकाच अबोल. उस्ताद म्हणाले घाल, त्याने घातलं. थोड्या वेळाने म्हणाले काढ, त्याने काढलं. मग शिट्टी वाजली आणि तो पाणचक्कीकडे जाणाऱ्या पांढऱ्या, तापलेल्या रस्त्यावर पळत सुटला.

जाताना ठीक गेला. परतताना मात्र वळणावर त्याचे पाय जड झाले, चेहरा विटेसारखा लाल झाला, आणि मैदानात पोचला तो थेट तुतीच्या झाडाखाली बसून ओकू लागला.

उस्तादांनी घड्याळ पाहून तोंड वाकडं केलं. “जाकिटाशिवाय पळाला होता तेव्हाही हीच वेळ! मग काय करायचंय हे सोंग? लोणच्यात घालायचंय?”

मोहिराने भावाच्या पाठीवर हात ठेवला. पाठ भाकरीच्या तव्यासारखी लागत होती.

---

तूतज़ार गावात उन्हाळ्याचे ते चाळीस दिवस आले की माणसं सावलीतून सावलीत जातात आणि जर्दाळू तेवढे उन्हात पडतात. मोहिराच्या घराच्या धाब्यावर ते पसरलेले होते. तिघं जण ते उलटे करत बसली होती. बेहरूझ तीन उलटे करी आणि चौथा खाई.

“आता नीट विचार करा,” सबोहत म्हणाली. ती शेजारची, तेरा वर्षांची. तिची आई निगोरा आपा गावच्या दवाखान्यात परिचारिका होती, त्यामुळे कुठल्याही बाबतीत आधी ताप मोजायचा अशी सबोहतला सवय होती. “जाकीट घेऊन दुशान्बेच्या त्या ताई आल्या होत्या, तेव्हा काय म्हणाल्या?”

“समोवार!” खाली अंगणातल्या चहाच्या बंबाकडे बोट दाखवत बेहरूझ म्हणाला.

“बरोबर. समोवारात कोमट पाणी भरलं तर लगेच उकळतं. गारेगार भरलं तर उकळायला वेळ लागतो. पळणाऱ्याचं अंगही तसंच. आतून फार तापलं की डोकं पायांना सांगतं, बस्स, थांबा! म्हणून पळण्याआधी अंग आतपर्यंत गार करायचं. म्हणजे उकळी उशिरा येते.”

“आणि त्या दिवशी आका कसा पळाला होता!” मोहिरा म्हणाली. थोरल्या भावाला ती आका म्हणे.

त्या दिवशी त्या ताईंनी आपल्या पेटीतून काढलेल्या टणक, गोठलेल्या थैल्या स्वतःच्या हातांनी जाकिटात भरल्या होत्या. इस्फंद कुडकुडत उभा राहिला होता आणि मग वारा प्यायलेल्या वासरासारखा उधळला होता. ताई थैल्यांचे दोन जोड आणि जाकीट उसनं देऊन गेल्या. पण त्यानंतर एकदाही तो तसा पळाला नाही.

आणि परवावर शर्यत आली होती. जर्दाळूच्या जत्रेतली शर्यत! जो पहिला येईल त्याला दुशान्बेच्या क्रीडाशाळेत जागा, राहणं-खाणं सगळं फुकट. इस्फंदची नववी संपली होती. जागा मिळाली तर तो पळणार होता. नाही मिळाली तर पानगळ सुरू होताच रशियाला, वडिलांकडे, विटा उचलायला जाणार होता. तूतज़ारमधल्या निम्म्या घरांचे बाप तिकडेच असत. मुलं त्यांना फोनच्या काचेत ओळखत आणि मोठी झाली की त्यांच्याच बाजूला जाऊन उभी राहत. मोहिराला आपला भाऊ काचेत नको होता.

“थैल्या गोठतात हमरोह अमाकच्या चायखान्यात,” सबोहत बोटांवर मोजत म्हणाली. हमरोह म्हणजे सगळ्या गावाचे अमाक, काका. “आइस्क्रीमच्या फ्रीजरमध्ये. आणि हमरोह अमाकचा पुतण्या कोण?”

“शोदी!” मोहिरा ओरडली. वरच्या गावचा शोदी इस्फंदखालोखाल वेगवान होता. “म्हणजे अमाकच फ्रीजर बंद करतात!”

“मग आइस्क्रीमचं काय होतं?” बेहरूझने विचारलं. “काल मी दोन खाल्ली. दगड होती, दगड! माझा दात अजून दुखतोय.”

“तू खाल्लीस आणि आम्हाला बोलावलं नाहीस?”

“तपास गुप्तपणे करायचा असतो!”

तरीही दुसऱ्या दिवशी दुपारी तिघं चायखान्यात जाऊन बसली. हमरोह अमाकनी फ्रीजर उघडला, आतून वाफ निघाली, आणि त्यांनी थैल्या एकेक करून बाहेर काढल्या. सबोहतने मदतीचं निमित्त करून एक हातात घेतली. टणक! पांढऱ्या हिमाने माखलेली! बोटं चिकटतील इतकी गार!

“नीट न्या हं, कुर्बोन बोबो,” अमाक म्हणाले. “पोरगा जिंकला तर आमच्या शोदीच्या पोटात दुखेल, पण गावाचं नाव होईल.”

कुर्बोन बोबो म्हणजे मोहिराचे आजोबा. त्यांनी थैल्या जाकिटात भरल्या, जाकीट नमद्यात, जाड लोकरी घोंगडीत, गुंडाळलं आणि गाढवावर ठेवलं. हे काम त्यांनी आपणहून मागून घेतलं होतं आणि उस्तादांनी आनंदाने दिलं होतं. बर्फ सांभाळावा तर कुर्बोन बोबोंनी! पोरवयापासून ते डोंगरातल्या खड्ड्यांमधला बर्फ पेंढ्यात नि नमद्यात बांधून, भर उन्हाळ्यात बाजारापर्यंत आणत. सरबतवाले त्यांची वाट बघत बसायचे. त्यांच्या हातून बर्फ वितळला असं कोणी ऐकलं नव्हतं.

“म्हणजे चायखान्यात गार आणि मैदानावर कोमट,” सबोहत पुटपुटली. “वाटेत कोणीतरी बोबोंना फसवतंय.”

“बोबो पाटावर तोंड धुवायला थांबत असतील,” मोहिरा म्हणाली, “आणि तेवढ्यात कोणीतरी थैल्या बदलत असेल. चला! पाटाजवळच्या धाब्यावर!”

तिघं आडवाटेने धावली. पाटाकडेचं धाबं जर्दाळूंनी भरलेलं होतं. ती पोटावर पडून सरकत कडेपर्यंत गेली. बेहरूझच्या सदऱ्याला दहाबारा जर्दाळू चिकटले.

“हे पुराव्यासाठी,” तो कुजबुजला.

“गप्प!”

गाढव आलं. बोबो उतरले. त्यांनी इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. मग नमदा सोडला, जाकिटातून एकेक थैली काढली आणि पाटाकडेच्या तापलेल्या खडकावर ओळीने मांडली. वरून पाटाचं उन्हाने तापलेलं पाणी ओंजळीने ओतलं. थोड्या वेळाने थैल्या उलटल्या. तळहाताने दाबून पाहिल्या. एक थैली उचलून स्वतःच्या गालाला लावली, अगदी आई बाळाच्या दुधाची बाटली लावून बघते तशी. मग मान डोलावली आणि सगळ्या परत कप्प्यांत भरल्या.

धाब्यावर बेहरूझने सदऱ्याला चिकटलेला एक जर्दाळू सोडवला आणि खायचा विसरला.

कुंपणानेच शेत खाल्लं होतं.

---

“बोबो, का?”

मोहिरा एकटीच खाली उतरली होती. म्हाताऱ्याने दचकून मान वर केली. नातीला पाहिलं, वर धाब्याच्या कडेला दिसणारी दोन डोकी पाहिली, आणि खडकावर बसले.

“पाहिलंस होय,” ते म्हणाले. “बस.”

“बसत नाही! आका हरतोय! तुमच्यामुळे! तो ओकत होता बोबो, तुम्ही पाहिलंत ना?”

“ओकून माणूस मरत नाही.”

“आणि गार लागून मरतो?”

“हो,” बोबो म्हणाले.

गरम अंगाला गार लागू द्यायचं नाही, हे तूतज़ारमध्ये पोरांना चालण्याआधी शिकवतात. घाम आलेल्याने पाटाचं पाणी प्यायचं नाही. चाळीस दिवसांच्या उन्हातसुद्धा कडकडीत हिरवा चहाच प्यायचा. मोहिरानेही हे शेकडो वेळा ऐकलं होतं. पण बोबोंचा आवाज आज निराळाच होता.

“नज़र नावाचा भाऊ होता मला,” ते म्हणाले. “मोठा. तुझ्या आकासारखाच, टांगा लांब. एका लग्नाला बर्फ हवा होता. आम्ही दोघांनी डोंगरातून आणला. मी गाढवाबरोबर, तो पुढे पळत. गाढवाच्या आधी पोचतो की नाही बघ, म्हणाला. पोचला. अंग नुसतं पेटलेलं. म्हणाला, कुर्बोन, मूठभर बर्फ दे. मी दिला. त्याने खाल्ला आणि तिथेच कोसळला.”

पाटाचं पाणी वाहत होतं. गाढव कान हलवत होतं.

“सगळे म्हणाले, बर्फाने काळीज धरलं. संध्याकाळपर्यंत गेला. ज्या हाताने दिला तो हात हा,” बोबोंनी उजवा हात पुढे केला. “त्यानंतर बर्फ विकला, पण जिभेला लावला नाही. आणि तुम्ही म्हणता, त्या पोराच्या छातीला बर्फ बांधा! मी जिवंत आहे तोवर नाही. हरला तर हरला. रशियात जाईल, पण जिवंत जाईल.”

मोहिराला खूप बोलायचं होतं. समोवाराचं, दुशान्बेच्या ताईंचं. पण तो हात अजून तिच्यासमोर तसाच पुढे होता. तिला बोबोंचा राग आला आणि बोबोंची दयाही आली. तिने बाजूला पडलेला नमदा उचलून त्यांच्या हातात दिला.

“उस्तादांना सांगून टाकू,” रस्त्याने जाताना सबोहत म्हणाली.

“नाही!” मोहिरा म्हणाली. “उस्तादांना सांगितलं म्हणजे गावाला सांगितलं. सगळा चायखाना बोबोंना हसेल. कोणालाच सांगायचं नाही. शपथ घ्या!”

दोघांनी शपथ घेतली. पुढे कितीतरी दिवस ती शपथ आठवली की मोहिरा ताटावरून उठून जाई.

“मग शर्यतीच्या दिवशी काय?” बेहरूझने विचारलं.

“थैल्यांचे दोन जोड आहेत,” मोहिरा म्हणाली. “एक जोड बोबोंना देऊ. खुशाल शेकू देत! दुसरा तुझ्या सायकलवरून थेट मैदानावर. पेंढ्यात आणि नमद्यात बांधून. कसा बांधायचा ते बोबोंनीच शिकवलंय मला.”

---

बेत असा जमला की बस्स! शर्यतीच्या सकाळी बोबो आपला जोड घेऊन गाढवावरून निघाले आणि त्यांच्या आधीच बेहरूझची सायकल धूळ उडवत मैदानावर हजर झाली. जाकीट इस्फंदजवळच होतं. मोहिराने थैल्या भरल्या, बंद ओढले, आणि इस्फंद जागच्या जागी उडाला.

“आईशप्पथ! हे असं गार असतं होय! मग इतके दिवस...”

“बोलू नकोस. गार हो!”

इस्फंद हसला. महिनाभरात पहिल्यांदा. मोहिरालाही हसू आलं. आता शिट्टी वाजायचीच खोटी होती!

पण शिट्टी वाजायला शहरचे मोठे साहेब यायला हवे होते. आणि मोठे साहेब वेळेवर आले तर त्यांना मोठे कोण म्हणणार? “निघाले,” असा फोन आला. मग “निघतायत,” असा आला. दवाखान्याची गाडीसुद्धा निगोरा आपांसकट साहेबांच्या स्वागताला नाक्यावर पाठवली होती. रांगेत गाडी असली की शोभा येते म्हणे. जत्रेच्या तंबूत पाहुण्यांसाठी गालिचे अंथरले होते, पुलाव शिजत होता, आणि पत्र्याच्या एका लांबलचक डोणीत बर्फाच्या लाद्या टाकून कलिंगडं गार करत ठेवली होती. कलिंगडांची काळजी घ्यायला चार माणसं होती. पळणाऱ्या पोरांची काळजी घ्यायला तोलिब उस्ताद होते.

“ओळीत उभे राहा! झेंडे हातात!” उस्ताद आले आणि इस्फंदसमोर थबकले. “हे काय? काढ ते! फोटोत सगळे एका गणवेशात दिसले पाहिजेत!”

“उस्ताद, ते गार करतं...” मोहिरा पुढे झाली.

“काही करत नाही! मी स्वतः वेळ मोजलीय. जाकीट घालून तेच, न घालता तेच!”

“कारण ते गार नव्हतंच! कोणीतरी रोज ते...”

“कोणीतरी? कोण?”

मोहिराने मान वळवली. उस्तादांच्या मागेच बोबो उभे होते, हातात नमद्याचं गाठोडं घेऊन. तिच्याकडेच पाहत होते. म्हाताऱ्याच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला होता.

“कोण ते सांग ना!” उस्ताद खेकसले.

“कोणी नाही,” मोहिरा म्हणाली.

“बघा! उगाच काहीतरी!” उस्तादांनी जाकीट इस्फंदच्या अंगातून ओढून काढलं आणि कुंपणावर फेकलं. ते तिथे ठिबकत राहिलं.

मुलं झेंडे घेऊन उभी राहिली. सूर्य वर चढला. सावल्या पायांखाली आल्या. साहेबांचं “निघतायत” चालूच होतं. बेहरूझने पाण्याची बाटली न्यायचा प्रयत्न केला तर ओळ बिघडते म्हणून त्याला हाकललं. समोवार उकळत ठेवलेलाच होता, फक्त पळायचं बाकी होतं.

अखेर गाड्या आल्या. साहेब उतरले. साहेब बोलले. खूप वेळ बोलले, खेळाने शरीर कसं निरोगी राहतं याविषयी. मग कधीतरी शिट्टी वाजली.

पाणचक्कीपर्यंत इस्फंदच पुढे होता, हे झाडावर चढलेल्या पोरांनी ओरडून सांगितलं. परतीच्या वळणावरही पुढे होता. पण मैदानाच्या तोंडाशी तो दिसला तेव्हा मोहिरा गर्दीतून वाट काढू लागली. तो सरळ पळत नव्हता. त्याचे डोळे उघडे होते, पण त्यांना काही दिसत नव्हतं. शेवटची फीत समोर होती आणि तो कुंपणाकडेच वळला. मग गुडघे दुमडले आणि तो तोंडावर पडला. बाजूने शोदी पळत गेला आणि फीत तुटली. टाळ्या वाजल्या.

“आका!”

मोहिरा पोचली तेव्हा बायकामाणसांचा घोळका जमला होता. “पांघरा त्याला! वारा लागेल!” “चहा आणा, गरम चहा!” कोणी दुलई आणत होतं. साहेबांच्या गाड्यांमध्ये दवाखान्याची गाडी पार मागे, नाक्याच्या बाजूला अडकली होती.

सबोहतने इस्फंदच्या मानेला हात लावला आणि ती किंचाळली. “घामच नाही! कोरडा आहे आणि भाजतोय! पांघरू नका! गार करा त्याला, आधी गार करा! आई नेहमी सांगते, आधी गार, मग गाडी!”

“पोरी, बाजूला हो. घाम आल्यावर गार केलं तर काळीज धरतं,” एक म्हातारी म्हणाली.

“बर्फ!” मोहिरा ओरडली. “तंबूत बर्फ आहे! कलिंगडांचा!”

“तो साहेबांचा आहे!” उस्ताद म्हणाले. खरंच म्हणाले.

बेहरूझने एकदा तंबूकडे पाहिलं, एकदा गाड्यांकडे, आणि बोंब ठोकली. “फोटो! साहेब फोटो काढतायत! टीव्हीवाले आलेत! सगळ्यांना बोलावलंय!”

काय सांगावं! कलिंगडांचे चारही राखणदार टोप्या सारख्या करत धावले. आचारी धावला. तोलिब उस्ताद सदऱ्याची बटणं लावत सर्वांच्या पुढे धावले. तंबू ओस पडला.

पण इस्फंदला उचलणार कोण? बोबो जवळच उभे होते. त्यांनी अंगातला चापान, जाड रुईदार अंगरखा, काढलेला होता, नातवावर पांघरायला. तो त्यांच्या हातात तसाच होता.

“बोबो!” मोहिराने त्यांचा उजवा हात धरला. “बोबो, तो जळतोय. माझं ऐका. एकदाच ऐका!”

बोबोंनी वाकून इस्फंदच्या छातीवर तळहात ठेवला. आणि तो तळहात काहीतरी ओळखीचं लागल्यासारखा तिथेच थांबला. मग त्यांनी चापान भिरकावला, खाली बसले आणि डोंगरातून बर्फ आणत तसं त्या लांबलचक पोराला पाठीवर घेऊन उठले.

कलिंगडं गालिच्यांवरून गडगडत गेली. बोबोंनी इस्फंदला डोणीत, लाद्यांच्या मधे, गळ्यापर्यंत बुडवलं. मोहिराने डोकं वर धरलं. सबोहत त्याच्या मानेवर, काखेत बर्फ दाबत होती. बेहरूझ टोपीने पाणी ढवळत होता आणि रडत होता. बोबो काहीच करत नव्हते. दोन्ही हात बर्फात घालून नुसते नातवाच्या तोंडाकडे पाहत होते.

“कलिंगडं!” परत आलेला आचारी किंचाळला. “कोणी केलं हे?”

त्याच वेळी इस्फंदने डोळे उघडले. “थंडी वाजतेय,” तो म्हणाला.

बोबो मटकन खाली बसले.

---

डॉक्टर म्हणाले, आणखी थोडा वेळ गेला असता तर मुलगा हाती लागला नसता. ज्यांनी कोणी त्याला बर्फात घातलं त्यांनी त्याला परत आणलं. साहेबांना हे कळलं. मग काय, त्याच संध्याकाळी चायखान्यासमोर सगळ्या गावाला जमवलं गेलं. साहेबांनी तिघांच्या पाठी थोपटल्या, “हीच आपली उद्याची पिढी!” म्हणाले आणि तिघांना एकेक भिंतीवरचं घड्याळ दिलं.

“ज्यांना गरज आहे त्यांनीच ठेवून घ्यायचं ना!” बेहरूझ पुटपुटला. सबोहतने त्याच्या पायावर पाय दिला.

मग तोलिब उस्ताद बोलायला उभे राहिले. गार करण्याचं हे नवं शास्त्र आपण मुलांना पहिल्या दिवसापासून कसं शिकवलं ते त्यांनी सांगितलं. टाळ्या त्यांनाही मिळाल्या. म्हाताऱ्यांनी मान डोलावली, कुणीतरी मोहिराच्या कपाळाचं चुंबन घेतलं. मोहिराला घड्याळ जड झालं होतं.

क्रीडाशाळेची जागा शोदीला मिळाली. त्याने हरामाने मिळवली असं कोणी म्हणू नये, तोही त्याच उन्हात उभा होता. उस्ताद म्हणाले, पुढच्या वर्षी बघू. पण क्रीडाशाळेत पंधरापर्यंतच्याच मुलांना घेत आणि पुढच्या वर्षी इस्फंद पंधराचा राहणार नव्हता, आणि डॉक्टरांनी निदान वर्षभर तरी उन्हात पळायचं नाही असं बजावलं होतं.

“रशियात म्हणे रस्त्यावर बर्फ पडलेला असतो,” इस्फंद अंथरुणावरून मोहिराला म्हणाला. “फुकट. जाकीट लागत नाही.”

तो हसवायला म्हणाला होता. मोहिरा उठून बाहेर गेली.

अंगणात तुतीखालच्या बाजेवर निगोरा आपा बसल्या होत्या. इस्फंदला तपासायला आल्या होत्या. सबोहत आणि बेहरूझ नान मोडून खात होते. बोबोंनी आपांना चहा ओतून दिला आणि मग विचारलं, अगदी सहज विचारावं तसं.

“मुली, मला एक सांग. माणूस पळून पळून पेटला, कोसळला, अंग कोरडं, डोळे असे उघडे. त्याने मूठभर बर्फ खाल्लाय. त्या बर्फाने मरेल तो?”

“बर्फाने? नाही बोबो. त्याला आतल्या उष्णतेने मारलेलं असतं. मूठभर बर्फाने काय होणार!”

“मग त्याला दुलयांत गुंडाळलं, दारं लावली, गरम चहा पाजला तर?”

आपांनी पेला खाली ठेवला. त्यांनी मोहिराकडे पाहिलं, मग बोबोंकडे. त्यांना काहीतरी कळलं असावं.

“ते तर जुने दिवस होते बोबो,” त्या हळूच म्हणाल्या. “कोणाला काय माहीत होतं!”

“म्हणजे मी दिला तो कमी पडला,” बोबो म्हणाले.

बोबो आपल्या उजव्या हाताकडे बघत राहिले.

“भारभर बर्फ होता गं,” ते म्हणाले. “अंगणातच. दाराबाहेर. गाढवावरून उतरवलासुद्धा नव्हता. दुपारभर ठिबकत होता, आणि मी आत बसून नज़रच्या अंगावर दुलई सरकू देत नव्हतो.”

मोहिरा त्यांच्या पायांशी जाऊन बसली. सबोहत उठून तिच्या बाजूला आली. बेहरूझनेही हातातला तुकडा ठेवून दिला.

बोबोंनी तिघांच्या डोक्यांवरून एकेकदा हात फिरवला. साहेबांनी थोपटलं होतं तसं नाही, सावकाश.

“शहाणी पोरं आहात,” ते म्हणाले. “फार शहाणी. त्या दिवशी हवी होतात.”